लातूरहून गुहागरला मित्राकडे जायचंय: समुद्र नेमका कधी आणि कसा बघावा?

मांजराकाठी
मंडळी, नमस्कार. जुना मित्र बदलीनं गुहागरला गेलाय आणि "एकदा या की" म्हणून मागं लागलाय. मार्गशीर्षात वद्य सप्तमी-अष्टमीला शनिवार-रविवार येतोय, तो धरून जायलोत. आम्ही दोघं, नऊ अन् तेरा वर्षांची पोरं आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात, शुगर आहे). गाडी घरची. समुद्र कुणीच बघितलेला नाही. आमच्यासाठी पाणी म्हणजे धनेगावचं धरण अन् शेतातली विहीर. थोरला पोरगा विहिरीत झकास पोहतो.
विचारायचं असं: रस्ता कोणता धरावा? किनाऱ्यावर कोणत्या वेळी जावं? पोरांना पाण्यात सोडावं का? मित्राकडं नेण्यासारखं काय? हॉटेलांची यादी नको, राहणं त्याच्याकडंच आहे.

बालाघाटी
रस्त्याचं सांगतो. लातूर-तुळजापूर-सोलापूर-पंढरपूर-कराड, तिथून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. अंतर पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटर, तुम्ही मधे कुठून वळता त्यावर. थांबे धरून अकरा-बारा तास. पहाटे चारला निघालात तर कुंभार्ली उजेडात उतरता येईल, आणि तो उजेडातच उतरावा. अवजड गाड्या असतात, वळणं आवळलेली आहेत. उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. मैदानातल्या ड्रायव्हरची ठरलेली चूक म्हणजे न्यूट्रल टाकणं किंवा सतत ब्रेकवर पाय ठेवणं. ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं, नेमकं शेवटच्या वळणांवर.
चिपळूणला टाकी भरून घ्या. परतताना वेगळा रस्ता हवा असेल तर रत्नागिरी-आंबा घाट-कोल्हापूर-सांगोला-सोलापूर. तो नागपूर-रत्नागिरी महामार्गच आहे.

गोदाकाठचा
नांदेड-परभणीकडून येणाऱ्यांसाठी रेल्वेचं: मुंबईकडची गाडी धरून ठाण्याला उतरायचं, तिथून कोकण रेल्वेनं चिपळूण. दोन वेगळी आरक्षणं लागतात, मधे तीन-चार तास तरी हाताशी ठेवा. चिपळूण ते गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास, एसटी मिळते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुना स्क्रीनशॉट चालत नाही.

सुरूची_सावली
मांजराकाठी, बाकी सगळं नंतर. आधी तारीख बदला.
अष्टमीला समुद्र सगळ्यात आळशी असतो. त्या भरतीला आम्ही भांगाची भरती म्हणतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे खडक नीट उघडे पडत नाहीत. त्यात ओहोटी दुपारी बाराला. आई आणि लहान मुलं बाराच्या उन्हात वाळूवर काय करणार?
एक आठवडा पुढे ढकला. पुढचा शनिवार-रविवार वद्य चतुर्दशी-अमावस्येचा येईल. ते उधाणाचे दिवस. भरती सकाळी साडेदहा-सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी पाचच्या मागेपुढे. ऊन उतरलेलं, खडक उघडे आणि त्यानंतर लगेच सूर्यास्त. समुद्राकडे जाणारे लोक सुट्टी बघून तारीख धरतात, धरायची असते तिथी.

मांजराकाठी
हे ध्यानातच नव्हतं. पण तिथीवरून वेळ काढायची कशी? आणि अमावस्येला आई घराबाहेर पडू देणार नाही, हा वेगळाच अडथळा.

सुरूची_सावली
मग शुक्रवारी त्रयोदशीला निघा. अमावस्येला तुम्ही पोचलेले असाल, आईंची हरकत उरत नाही. :)
हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. हीच वेळ दिवसा आणि रात्रीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक धरायचा.

काळी_माती
आकडेमोडीत खोट आहे. अमावस्येला सव्वाअकरा आणि प्रतिपदेला एकदम पाऊण? एका दिवसात दीड तास कसा पुढं सरकला?

सुरूची_सावली
बरोबर पकडलंत. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, पाऊण तासानं नाही. तिथीमागे ही थोडी थोडी मिनिटं साठत जातात आणि पंधरा तिथींत पाऊण तासाच्या आसपास फरक पडतो. तो सगळा प्रतिपदेच्या उडीत दिसतो. म्हणून प्रतिपदा ते चतुर्थी या दिवसांत हिशेबानं आलेल्या वेळेतून अर्धा-पाऊण तास वजा करा. प्रतिपदेची भरती प्रत्यक्षात बाराच्या सुमाराला असते. पुढे अष्टमीला हिशेब पुन्हा जागेवर येतो. हे सगळं उघड्या किनाऱ्याचं. खाडीत आत भरती उशिरा पोचते.
घरात बसून बेत आखायला हा हिशेब पुरतो. खडकांवर उतरणार असाल त्या दिवशी मात्र रत्नागिरी बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, मोबाईलवर मिळतं. मुंबईचं कोष्टक वापरू नका. तिथे पाणी चढतं-उतरतं ते इथल्यापेक्षा जास्त, आणि वेळाही जुळत नाहीत.

खाडीपार
यात एक भर. सव्वासहा तासांत पाणी सारख्या चालीनं चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा पाणी २४० सेंटीमीटर चढणार आहे. तर पहिल्या तासात २० सेंटीमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १२०.
नवखा माणूस इथेच अडकतो. ओहोटी संपल्यावर पहिला तासभर पाणी हललेलंच वाटत नाही, तो निवांत खडकाच्या टोकावर बसून राहतो. मग दीड-दोन तासांत पाणी पुढून न येता मागच्या सखल घळीतून भरतं आणि परतीची वाट बंद होते. म्हणून खडकांवर ओहोटीच्या दीड तास आधी जायचं, पाणी उतरत असताना, आणि ओहोटीची वेळ झाली की वळायचं. उलटं करायचं नाही.

मांजराकाठी
वाट्यांचा हिशेब वहीत उतरवला. आता पोराचं सांगा. विहिरीत पाच परस (पुरुष) खोल पाण्यात सूर मारतो, कंबरेला भोपळा बांधून शिकलाय.

खाडीपार
काळजी त्याचीच जास्त आहे. न पोहणारा पोर घोट्याएवढ्या पाण्यात घाबरून थांबतो, विहिरीत पोहणारा पुढे जातो. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. दमलं की चार हात मारून पायरी धरायची, एवढंच गणित. समुद्रात पायरी नाही आणि पाणी स्वतः चालतं.
ओढीचा पट्टा, म्हणजे रिप करंट, ओळखायला शिकवा. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं, आणि जिथे तळाची वाळू खोलगट असते तिथून एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. किनाऱ्यावर उभं राहून पाच मिनिटं बघा. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधेच एक गल्ली शांत, जरा गडद, वरचा फेस आणि कचरा समुद्राकडे सरकतोय, ती ओढ. दुर्दैव असं की नवख्याला तीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा फुटत नाहीत.
अडकलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही. चांगला पोहणाराही त्यात दमतो आणि दमला की बुडतो. पाठीवर तरंगायचं, एक हात वर करायचा, किनाऱ्याला समांतर सरकायचं. पट्टा रुंदीला फार नसतो. बाहेर आलं की फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं परतायचं.
आणि वाचवायला कुणी उडी मारायची नाही. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, त्याच्या कडीला पंधरा मीटर दोरी, हे गाडीत ठेवा. कॅन फेकायचा, दोरी किनाऱ्यावरून ओढायची.

सुरूची_सावली
+१. पोरांसाठी सीमा गुडघ्याची, मोठ्यांसाठी कंबरेची. गुडघाभर पाण्यातही लाट परतताना पायाखालची वाळू नेते आणि तोल जातो, म्हणून धाकट्याचा हात मनगटाला धरा, बोटं निसटतात. पाण्यात जायचंच तर भरती चढत असताना. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पोरं बाहेर. अंधार पडल्यावर कुणीच नाही. परतताना गणपतीपुळ्याला जाणार असाल तर तिथला किनारा उताराचा आहे, दोन पावलांत खोली बदलते. तिथे दर्शन घ्या, पाण्यात उतरू नका.
गाडी वाळूवर घालू नका. पाण्यालगतची वाळू सिमेंटसारखी घट्ट दिसते, पण तिच्या पोटात पाणी असतं. गाडी उभी राहिली की वजनानं वाळू पातळ होते, चाक रुततं. अ‍ॅक्सिलेटर दाबला की आणखी खोल. तोवर भरती सुरू. शिवाय नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या विणीचा काळ असतो आणि घरटं वरून दिसत नाही.

गोदाकाठचा
कासवं दिसतील का?

सुरूची_सावली
ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी निघतात. मार्गशीर्षात आलात तर पिल्लांची आशा धरू नका. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. गुहागरला अंडी जाळीच्या कुंपणात हलवून राखतात, ते लांबून बघता येईल. रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि फ्लॅश बंद. उजेड दिसला की मादी अंडी न घालता परतते, पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

काळी_माती
पोहणं बाजूला ठेवलं तर किनाऱ्यावर बघण्यासारखं काय असतं? फोटोत तर नुसती वाळूच दिसते.

सुरूची_सावली
वाळूच बघा. ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी पडलेली दिसेल. मधे पेन्सिलीएवढं भोक आणि भोकापासून बाहेर किरणांसारख्या रांगा. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घालतो, कणांवरचं शेवाळ आणि बारीक अन्न चाटून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. तुमचं पाऊल पडलं की सगळे एका क्षणात आत. दोन मीटरवर उकिडवे बसा आणि हलू नका. दोन-तीन मिनिटांत पहिला डोळे बाहेर काढतो, मग बाकीचे निघतात. पुढची भरती ही रांगोळी पुसते, ओहोटीला ते पुन्हा मांडतात.
वाळूच्या वरच्या अंगाला, भरती पोचत नाही तिथे, मर्यादावेल पसरलेली असते. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, फूल जांभळं. ती वाळू धरून ठेवते, ओढू नका. तिच्या मागे सुरूचं बन. आईंना तिथे सावलीत खुर्ची टाका. चालायचंच तर ओल्या, सपाट वाळूवरून. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच रुतते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.
खडक बघायला हेदवीला जा, गुहागरहून पंचवीसेक किलोमीटर. खाचांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे आणि छोटे मासे दिसतात. शंख उचलला तर उलटा करून आत पाय हलतात का बघा, हलले तर तिथेच ठेवा. आइस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता, नक्षीदार शंख जिवंत असला तर हातच लावू नका. त्याला विषारी काटा असतो आणि तो टोचतो. पोवळी, समुद्रकाकडी आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, पिशवीत भरू नका.

साधा_डॉक्टर
शुगरचा उल्लेख आलाय म्हणून लिहितो. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. आईंना खडकांवर नेऊच नका आणि वाळूतही अनवाणी चालू देऊ नका. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर काप समजतही नाही. बाकीच्यांनी टाचेला पट्टा असलेले रबरी सँडल घालावेत, साधी स्लिपर शेवाळावर घसरते.
कापलं तर भरपूर गोड्या पाण्यानं आणि साबणानं धुवायचं, शिंपल्याचा कण राहिलाय का बघायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर घ्यायचं. दुसऱ्या दिवशी लाली पसरायला लागली तर थांबायचं नाही.
जेलीफिश लागला तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. या तिन्हींनी न फुटलेल्या डंखपेशी फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे काडीनं काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं शेक द्या. श्वास लागला, ओठ सुजले की थेट दवाखाना. किनाऱ्यावर मेलेला पडलेला जेलीफिशही डंख मारतो, पोरांना काडीनंसुद्धा खेळू देऊ नका.

मांजराकाठी
सगळ्यांचे आभार. एक राहिलंच की. न्यायचं काय? आणि मासे खायची सवय नाही, कधीमधी मरळ, रोहू तेवढे होतात.

काळी_माती
ज्वारी न्या. तिकडं तांदूळ खातात, चांगली मालदांडी सहज मिळत नाही. पण दळून नेऊ नका. पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत त्याला वासही लवकर लागतो. दहा किलो दाणे न्या, तो लागेल तसं दळून घेईल. मात्र गिरणीवाल्याला तांदळानंतरच्या घाण्यात टाकू नको म्हणून सांगायला लावा, नाहीतर पहिली दोन किलो मिसळलेली येते. तूरडाळ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी हे सगळं फिरकीच्या झाकणाच्या डब्यात, पिशवीत नको. धपाटे आपल्याकडं तीन दिवस टिकतात, तिथं दुसऱ्या दिवशी बुरशी धरतील, ते वाटेतच संपवा. भूमकडचा पेढा न्यायचा तर कडक भाजलेल्या खव्याचा.

खाडीपार
माशांचं: मार्गशीर्षात बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, गुरुवारी तर नाहीच. मित्राचे घरमालक कसे आहेत तेही आधी विचारा. पाहुण्यासाठी म्हणून तो अडचणीत यायला नको.
पहिल्यांदा खाणाऱ्यानं सुरमईची तुकडी घ्यावी, मधे एक मोठा काटा, तो काढला की झालं. मांदेली चवीला फर्मास, पण पोरांना काटे निघत नाहीत. विकत घेताना डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, बोटानं दाबलं तर खड्डा भरून येणारा मासा घ्या. बांगड्याला विशेष जपा. तो उन्हात तास-दोन तास राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, लोक समजतात मासा बाधला. बर्फात असेल तरच घ्या.

बालाघाटी
घरी परतल्यावर पहिलं काम, गाडीचं पोट गोड्या पाण्यानं धुणं. खारं वारं पत्रा खातं. मोबाईल-कॅमेऱ्याची काच कोरड्या फडक्यानं पुसू नका, मिठाचे कण चरे पाडतात. आधी ओला कापूस, मग फडकं. आणि अंगाला चिकटलेली वाळू ओली असताना झटकायला जाऊ नका, सुकू द्या. सुकली की आपोआप गळते. मित्राची पडवीही स्वच्छ राहील.

मांजराकाठी
तर असं ठरलं: शुक्रवारी त्रयोदशीला पहाटे चारला निघायचं. शनिवारी गुहागरचाच किनारा, संध्याकाळी. रविवारी अमावस्या, हेदवी. सोमवारी परत. मित्राला फोन केला, तो म्हणतो बामणघळ बघायलाच पाहिजे. ती कधी बघायची? खडक तर ओहोटीला बघायचेत.

सुरूची_सावली
दोन्ही एकाच दिवशी होतात, म्हणूनच अमावस्या बरी. बामणघळ ही खडकातली अरुंद लांब भेग आहे, भरतीला लाट तिच्यात शिरते आणि जागा नसल्यामुळे फवारा होऊन वर उडते. ओहोटीला तिथे काहीच दिसत नाही. रविवारी साडेदहापर्यंत हेदवीला पोचा, साडेअकरापर्यंत लांबून बघा. घळीच्या काठावर उभं राहायचं नाही, खडक ओला आणि शेवाळी असतो. लहान लाटा येत असताना मधेच एक मोठी येते, फोटो काढणारे त्याच वेळी पुढे सरकलेले असतात. मग दशभुज गणेशाचं दर्शन, दुपार वेळणेश्वरला सावलीत. पावणेचारला पुन्हा हेदवीच्या खडकांवर. सव्वापाचला, पोरांनी कितीही हट्ट केला तरी, पाठ फिरवायची.

मांजराकाठी
पावणेचार ते सव्वापाच. लिहून ठेवलं. दोरी पंधरा मीटरच ना? घरी बैलाचा कासराच हाय, दोन जोडून पुरेल.

खाडीपार
पुरेल, पण सुती कासरा भिजला की जड होतो आणि बुडतो. चिपळूणला पॉलिप्रॉपिलीनची प्लास्टिक दोरी घ्या, ती तरंगते.